बेरिॲट्रिक शस्त्रक्रियेनंतरचे पहिले तीन महिने: व्यायामाच्या मर्यादा संयमाने कशा पाळाव्यात

लठ्ठ माणसाने आयुष्यात सर्वांत जास्त वेळा ऐकलेले वाक्य ‘जरा हालचाल करत जा’ हे असते. शाळेतल्या शिक्षकांपासून लग्नात भेटलेल्या दूरच्या मावशीपर्यंत प्रत्येकाने ते त्याला ऐकवलेले असते. मग कधीतरी वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया होते, आठ-दहा दिवसांत वेदना ओसरते, काही किलो उतरलेले असतात आणि कितीतरी वर्षांनी पायांत हलकेपणा जाणवतो. नेमक्या त्याच वेळी सर्जन सांगतात की वजन उचलायचे नाही, धावायचे नाही, पोटावर ताण द्यायचा नाही. आयुष्यभर आळशी म्हणवून घेतलेल्या माणसाला त्या क्षणी स्वस्थ बसणे फार जड जाते, कारण आता कुठे त्याला स्वतःला सिद्ध करून दाखवण्याची संधी मिळालेली असते. माझ्या मते शस्त्रक्रियेनंतरच्या अधीरतेचे मूळ निष्काळजीपणात नसून या जुन्या टोमण्यांत आहे, आणि हे एकदा ओळखले की मर्यादा पाळणे पुष्कळ सोपे होते.

माझी ‘स्लीव्ह’ प्रकारची बेरिॲट्रिक, म्हणजे वजन कमी करण्याची, शस्त्रक्रिया तीन वर्षांपूर्वी, जून महिन्यात झाली. गिरगावातल्या लिफ्ट नसलेल्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर आम्ही राहतो. पुढे लिहिले आहे ते त्या घरात राहून, माझे सर्जन, आहारतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट यांना असंख्य प्रश्न विचारून मी जे शिकलो ते आहे. प्रत्येकाची शस्त्रक्रिया, वय आणि आधीचे आजार वेगळे असल्यामुळे येथे दिलेले आठवडे आणि आकडे सर्वसाधारण आहेत. तुमच्या सर्जनने वेगळे सांगितले असेल तर त्यांचेच ऐकावे.

मर्यादा नेमकी कशासाठी असते

कारण समजल्याशिवाय पाळलेला नियम फार दिवस टिकत नाही, म्हणून आधी हे समजून घ्यावे. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि उरलेली केळ्याच्या आकाराची नळी बारीक स्टेपलच्या ओळीने बंद करतात. जठराचा बायपास या दुसऱ्या प्रकारात जठराची लहान पिशवी करून ती थेट आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. दोन्ही शस्त्रक्रिया बहुधा दुर्बिणीतून होतात, त्यामुळे बाहेरून पोटावर ५ ते १५ मिलिमीटरची चार-सहा छिद्रे तेवढी दिसतात. त्वचेवरच्या या जखमा दहा-चौदा दिवसांत मिटतात आणि आरशात पाहिले की सगळे बरे झाल्यासारखे वाटते.

परंतु त्वचेच्या खाली स्नायूंवर जे चिवट आवरण असते, ज्याला डॉक्टर फॅशिया म्हणतात, ते फार सावकाश सांधले जाते. दीड-दोन महिन्यांनंतरही त्याची ताकद मूळच्या निम्म्याच्या आसपासच आलेली असते आणि पुढची वाढ कित्येक महिने चालू राहते. आपण जड वस्तू उचलतो तेव्हा नकळत श्वास रोखतो, पोटातला दाब एकदम वाढतो आणि तो दाब सर्वांत कमकुवत जागा शोधतो. ती जागा म्हणजे हेच छिद्र. तेथून आतली चरबी किंवा आतड्याचा भाग बाहेर डोकावू लागला की हर्निया होतो आणि त्यासाठी पुन्हा शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते. वेदना दुसऱ्या आठवड्यात जाते आणि ताकद दुसऱ्या महिन्यानंतर येते. संयमाची खरी गरज या दोहोंमधल्या दिवसांत असते, कारण शरीर त्या काळात इशारा देत नाही.

दुसरे कारण अन्नाचे आहे. पहिल्या काही आठवड्यांत पातळ पदार्थांवर राहताना बहुतेकांच्या पोटात दिवसाला ४०० ते ८०० कॅलरीच जातात. एवढ्या तुटपुंज्या शिदोरीवर जोरदार व्यायाम केला तर शरीर चरबीबरोबर स्वतःचे स्नायूही मोडून वापरते, म्हणजे ज्यासाठी व्यायाम करायचा तेच हातचे जाते. शिवाय ज्यांना रक्तदाब किंवा मधुमेह आहे त्यांच्या गोळ्यांची गरज वजन उतरण्याच्याही आधीपासून झपाट्याने बदलू लागते, त्यामुळे उठता-बसता डोळ्यांपुढे अंधारी येणे किंवा साखर खाली जाणे हे या दिवसांत सहज घडू शकते.

पहिली पायरी: डिस्चार्जच्या आधी मर्यादा लिहून घ्याव्यात

‘हलके काम करा, जड उचलू नका’ असे तोंडी ऐकून घरी येऊ नये. हलके म्हणजे किती किलो, हे विचारून कागदावर लिहून घ्यावे. बहुतेक सर्जन पहिले चार ते सहा आठवडे साधारण चार-पाच किलोंपेक्षा जास्त वजन उचलू देत नाहीत. जिना दिवसातून किती वेळा चढायचा, गाडी कधी चालवायची, भारतीय पद्धतीच्या शौचालयात बसण्यास हरकत आहे का, पोटाला पट्टा बांधायचा का, घरच्या गोळ्यांपैकी कोणत्या कमी करायच्या आणि चालताना चक्कर आली तर कोणाला फोन करायचा, हे सर्व त्याच वेळी विचारावे. पट्टा दिला असेल तर त्याने आधार वाटतो. तो बांधला म्हणून वजन उचलण्याची मुभा मिळत नाही.

दुसरी पायरी: पहिला आठवडा, चालणे हेच औषध

मर्यादा म्हणजे पडून राहणे नव्हे. शस्त्रक्रियेनंतर काही तासांतच परिचारिका आपल्याला उठवून चालवतात, कारण अंथरुणात पडून राहिल्याने पायांच्या शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो आणि ती सुटून फुफ्फुसात गेली तर जिवावर बेतू शकते. म्हणून या आठवड्यात अंतर मोजायचे नाही, उठण्याच्या वेळा मोजायच्या. जागे असताना दर तास-दीड तासाने उठून पाच मिनिटे घरातल्या घरात चालणे हे एकदाच अर्धा तास चालून थकण्यापेक्षा चांगले.

अंथरुणातून उठताना सरळ उठून बसू नये. आधी कुशीवर वळावे, पाय खाली सोडावेत आणि हाताच्या रेट्याने वर यावे, म्हणजे पोटाच्या स्नायूंवर ताण येत नाही. खोकला किंवा शिंक आली तर पोटाशी उशी घट्ट धरावी. रुग्णालयातून मिळालेले तीन चेंडूंचे स्पायरोमीटर घरी आल्यावर कपाटात टाकू नये. जागेपणी दर तासाला आठ-दहा वेळा सावकाश श्वास ओढला तर फुफ्फुसाचा खालचा भाग उघडा राहतो. खांद्यात दुखत असेल तर घाबरू नये. पोट फुगवण्यासाठी भरलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे आणि ताणामुळे श्वासपटल चुरचुरते आणि ती वेदना खांद्यात जाणवते. ती काही दिवसांत जाते, चालल्याने बरेही वाटते; मात्र ती वाढत गेली किंवा सोबत ताप, धाप असेल तर लगेच कळवावे.

आमच्यासारख्या लिफ्ट नसलेल्या घरांचा प्रश्न मुंबईत मोठा आहे. घरी परतण्याच्या दिवशी प्रत्येक मजल्यावर एक खुर्ची ठेवायला शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवावे. कठडा धरून एका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, न बोलता चढावे आणि थांबण्याची गरज वाटण्याच्या आधीच बसावे. त्यानंतरचे काही दिवस उगाच खाली-वर करू नये. चाळीची गॅलरी किंवा इमारतीचा पॅसेज फेऱ्यांसाठी पुरेसा असतो.

तिसरी पायरी: दुसरा ते चौथा आठवडा, जेव्हा सगळे बरे वाटू लागते

या लेखातला हा भाग मी सर्वांत कळकळीने लिहीत आहे, कारण माझी चूक येथेच झाली.

एकोणिसावा दिवस होता. आमच्याकडे नळाला पहाटे पाणी येते आणि ते भरून ठेवण्याची घाई असते. वेदना अजिबात नव्हती, आदल्या दिवशी मी पंचवीस मिनिटे चाललो होतो आणि इतरांना उठवण्याऐवजी आपणच एक बादली उचलावी असे मला वाटले. मोरीच्या उंबऱ्यावरून ती उचलताना बेंबीच्या उजव्या बाजूला काहीतरी ओढल्यासारखे झाले. त्याच सकाळी सर्जनना दाखवले. हर्निया झालेला नव्हता, पण स्नायूला ताण बसला होता आणि पुढचे दोन आठवडे मला पुन्हा घरातल्या फेऱ्यांवर यावे लागले. त्या दिवशी सर्जनने मला विचारले की ती बादली किती किलोंची होती, आणि मला सांगता आले नाही. वीस लिटरची भरलेली बादली म्हणजे वीस किलोंहून अधिक वजन, ही साधी गोष्ट मी कधी मनात आणली नव्हती.

म्हणून या टप्प्यातले पहिले काम म्हणजे घरातल्या वस्तूंची वजने ओळखणे. व्यायामशाळेतले डंबेल कोणी आपल्या हातात देत नाही. धोका असतो तो रोजच्या कामांत. भरलेला गॅस सिलिंडर तीस किलोंच्या घरात जातो, कारण आतला गॅस १४.२ किलो आणि बाकी लोखंडाचे वजन. वर्षा-दीड वर्षाचे मूल दहा किलोंचे असते. गिरणीतून आणायचे दळण, पाण्याने भरलेले पातेले, पिळून न घेतलेली चादर, भाजीच्या दोन भरलेल्या पिशव्या, हे सगळे चार-पाच किलोंच्या पलीकडे सहज जाते. उचलण्याइतकेच ढकलणे आणि ओढणेही पोटावर येते. पावसाळ्यात फुगलेले लाकडी दार जोर लावून ओढणे, पलंग सरकवून केर काढणे, उकिडवे बसून लादी पुसणे, ही कामे सहा आठवडे दुसऱ्याकडे द्यावीत. मूल मांडीवर हवे असेल तर आपण आधी खुर्चीवर बसावे आणि कोणीतरी त्याला आपल्याकडे द्यावे. बादलीऐवजी तांब्याने किंवा पाइपने पाणी भरता येते, थोडा वेळ जास्त लागतो इतकेच.

चालणे मात्र वाढवायचे असते. दर दोन-तीन दिवसांनी एकूण वेळेत पाच मिनिटांची भर घालावी, तीही एका खेपेत नव्हे तर दोन-तीन खेपांत विभागून. मुंबईची दमट हवा लक्षात घेऊन सकाळी लवकर किंवा सूर्यास्तानंतर निघावे. शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवतीची एक फेरी सव्वा किलोमीटरच्या आसपास भरते आणि कुठेही बसता येते, म्हणून या टप्प्यात अशी जागा मला मरीन ड्राइव्हपेक्षा अधिक सोयीची वाटते. समुद्राकाठी सरळ पुढे चालत गेले की तेवढेच परत यावे लागते, हे थकल्यावरच आठवते. पावसात ओल्या, शेवाळलेल्या फरशीवर पाय घसरला तर सावरताना पोटाला जो झटका बसतो तो बादलीपेक्षा कमी नसतो, तेव्हा त्या दिवशी घरातच फेऱ्या माराव्यात.

घामाने गेलेले पाणी आता एकदम पिऊन भरून काढता येत नाही, कारण पोटात जागाच नसते. त्यामुळे चालायला जाण्याच्या तासभर आधीपासून घोट-घोट पाणी घ्यावे, लहान बाटली बरोबर ठेवावी आणि दिवसभरात दीड ते दोन लिटरचे उद्दिष्ट ठेवावे. आहारतज्ज्ञ बहुधा दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिने सांगतात. ज्या दिवशी तेवढी गेली नाहीत त्या दिवशी चालणे वाढवू नये, हा नियम मी स्वतःसाठी केला होता आणि तो फार उपयोगी पडला.

चौथी पायरी: वजनकाट्याऐवजी वही

तिसऱ्या आठवड्याच्या आसपास अनेकांचा वजनकाटा अचानक थांबतो. सुरुवातीला उतरलेल्या वजनात शरीरातल्या साठवलेल्या साखरेचा, म्हणजे ग्लायकोजेनचा, आणि त्याच्याबरोबर धरून ठेवलेल्या पाण्याचा मोठा वाटा असतो. पुढे शरीर पाण्याचा समतोल पुन्हा बसवू लागते आणि चरबी कमी होत असूनही काटा काही दिवस हलत नाही. ‘व्यायाम कमी पडतो आहे’ असे समजून लोक नेमक्या याच दिवसांत जोर लावतात. तसे करू नये. वजन आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी करावे आणि रोज त्याऐवजी वहीत चार गोष्टी लिहाव्यात: किती मिनिटे चाललो, किती प्रथिने गेली, किती पाणी गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर कसे वाटले.

यातली शेवटची नोंद सर्वांत मोलाची. व्यायाम झेपला की नाही हे व्यायाम करताना कळत नाही, दुसऱ्या सकाळी कळते. रोजच्यापेक्षा जास्त थकवा असेल किंवा जखमेच्या जागी ओढल्यासारखे वाटत असेल तर त्या दिवशी आदल्या टप्प्यावर परतावे. चालताना मात्र बोलण्याची कसोटी पुरते: सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता आले पाहिजे, दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर वेग जास्त आहे. रक्तदाबाच्या काही गोळ्या नाडीचा वेग दाबून ठेवतात, म्हणून मनगटावरच्या घड्याळातील आकड्यांवर विसंबून वेग ठरवू नये.

पाचवी पायरी: लोकांच्या सल्ल्यांना उत्तर तयार ठेवावे

बागेत कोणीतरी काका थांबवून सांगतातच, “रोज शंभर वेळा कपालभाती करा, पोट लगेच आत जाईल.” कपालभातीत पोटाचे स्नायू झटक्याने आत ओढले जातात, भुजंगासनात पोटाची पुढची बाजू ताणली जाते आणि सूर्यनमस्कारात तर हे दाब आणि ताण आळीपाळीने येतात. हे व्यायाम वाईट नाहीत. त्यांची वेळ अजून आलेली नसते. “काका, पोटात टाके आहेत, डॉक्टरांनी अजून परवानगी दिलेली नाही,” एवढे उत्तर पुरते आणि समोरचा माणूस दुखावतही नाही.

आपल्याकडे अनेक जण ही शस्त्रक्रिया नातेवाइकांपासून लपवतात. त्यामागची लाज मला समजते, मीही काही महिने ती बाळगली होती. पण कोणालाच माहीत नसले की सासूबाई बरणी उतरवायला सांगतात, ऑफिसात फायलींचा गठ्ठा हातात येतो आणि नकार देताना कारण सांगता येत नाही. तपशील सांगण्याची गरज नाही. ‘पोटाचे ऑपरेशन झाले आहे, दीड महिना वजन उचलायचे नाही,’ हे वाक्य खरे आहे आणि पुरेसे आहे.

कामावर परतताना लोकलचा विचार वेगळा करावा. सर्जनने बैठ्या कामाला दोन-तीन आठवड्यांनी परवानगी दिली तरी गर्दीच्या वेळी डब्यात चढताना पोटावर बसणारा कोपर किंवा पाठपिशवी त्यांच्या हिशेबात असतेच असे नाही, म्हणून प्रवासाचा प्रश्न त्यांना स्पष्ट विचारावा. शक्य असेल तर कामाची वेळ बदलून घ्यावी आणि बॅगेत डबा, पाणी एवढेच ठेवावे.

सहावी पायरी: सहा आठवड्यांनंतर, एका वेळी एकच बदल

तपासणीत सर्जनने होकार दिला की स्नायूंचा व्यायाम सुरू करता येतो. सुरुवात खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीला हात लावून दंड काढणे आणि अर्ध्या लिटरच्या बाटल्या हातात घेऊन हात वर करणे, अशा साध्या प्रकारांनी करावी. प्रत्येक प्रकार आठ-दहा वेळा, आठवड्यातून दोन-तीन दिवस. जोर लावताना श्वास सोडायचा, रोखायचा नाही. पोटातला दाब आवरण्याचा हा सर्वांत सोपा उपाय आहे. स्थिर सायकलही या वेळी चालते. पोहणे जखमा पूर्ण कोरड्या झाल्यावर, सर्जनला विचारूनच. पोटाचे व्यायाम, बैठका, जड वजने आणि धावणे यांना बहुधा तिसरा महिना उजाडावा लागतो.

एका आठवड्यात एकच गोष्ट वाढवावी: वेळ, वेग किंवा वजन. तिन्ही एकदम वाढवले आणि काही दुखले तर कारण कळत नाही. गुडघे दुखणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी की शरीराचे एक किलो वजन कमी झाले तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. म्हणजे आज जो जिना अवघड वाटतो तो दोन महिने थांबले तर जोर न लावताही सोपा होणार असतो. प्रौढांसाठी आठवड्याला १५० मिनिटे मध्यम व्यायामाचे जे प्रमाण सांगितले जाते तेथे तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत पोहोचले तरी उत्तम. त्या सुमारास चालताना पूर्वीपेक्षा अधिक धाप लागू लागली, तर इच्छाशक्तीला दोष न देता रक्ततपासणी करावी, कारण लोह किंवा बी-१२ कमी झाल्यानेही असे होते आणि रोजच्या गोळ्या चुकवणाऱ्यांत हे प्रमाण अधिक असते.

केव्हा ताबडतोब थांबावे

विश्रांती घेत असतानाही नाडी मिनिटाला १२० च्या वर राहणे, ताप, पोटात वाढत जाणारी वेदना, एका पोटरीला सूज किंवा दुखणे, अचानक धाप किंवा छातीत दुखणे, काळे शौच, पाणीही न टिकणे, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात जावे. उलट्या बरेच दिवस होत राहून पायांना मुंग्या येऊ लागल्या किंवा चालताना तोल जाऊ लागला तर ते थायमिन या जीवनसत्त्वाच्या कमतरतेचे लक्षण असू शकते आणि त्यात उशीर करून चालत नाही. खोकताना छिद्राच्या जागी गाठ वर येत असेल तर ती दुखत नसली तरी दाखवून घ्यावी. तीच गाठ कडक झाली, दुखू लागली किंवा आत जाईनाशी झाली तर त्याच वेळी रुग्णालय गाठावे.

मध्येच खंड पडला, म्हणजे पावसाळी ताप आला किंवा गणपतीचे पाच दिवस पाहुण्यांत गेले, तर जेथे थांबलो होतो तेथून पुन्हा सुरू करू नये. एक आठवडा मागे जावे, वहीतले त्या आठवड्याचे पान काढावे आणि त्या दिवशी जेवढी मिनिटे चाललो होतो तेवढीच आज चालावीत.